उसनी सावली

गेल्या श्रावणात मागच्या आळीतल्या वहिनी प्लास्टिकच्या पिशवीत फोटो घेऊन आल्या. साठेक तरी असतील. त्यांचे यजमान दशावतारी, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्री होणाऱ्या लोकनाट्यातले कलाकार. तीन वर्षांपूर्वी गेले. पिशवीतल्या प्रत्येक फोटोत ते कुणीतरी होते: कधी मुकुट घातलेला राजा, कधी ऋषी, कधी हातात तलवार घेतलेला राक्षस. एका जुन्या फोटोत नऊवारी नेसून राणीही झालेले. चेहऱ्यावर रंगाचा जाड थर, भुवया काजळाने कानापर्यंत ओढलेल्या, ओठ लाल. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पुढचे चार-पाच महिने हा माणूस रोज रात्री असाच असायचा. लोकांनी फोटो काढले ते तेव्हाच.

त्या सगळ्यांतून वहिनींनी एक निवडणूक ओळखपत्र वेगळं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. रंगाविना त्यांचा असा तेवढाच एक फोटो. नखाएवढा, धुरकट.

"बाईनू, राजा सगळ्यांनी बघलो," त्या म्हणाल्या. "माका घरातले होये."

मी सावंतवाडीत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. कितीतरी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसवलं. निवृत्त झाल्यावर लाकडातले चेहरे कापायला लागले. त्याला निमित्त झालं आमच्या ओळखीच्या सुतारांचं. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा गणपतीच्या मखरांसाठी प्लायवूडच्या जाळीला एकदम मागणी वाढली. त्यांनी नवीकोरी स्क्रोल सॉ घेतली. दोन-तीन गणपती ती जोरात चालली. मग लेझर कटिंगवाले आले, तासाभरात दहा मखरं कापून द्यायला लागले, आणि मशीन कोपऱ्यात पडलं. माझी नजर त्याच्यावर आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "बाई, तुम्ही चालवा, गंजून जाईल," असं म्हणत त्यांनी अर्ध्याहून कमी किमतीत मला दिलं. स्वतःच टेम्पोत घालून आणलं, पाटावर पक्कं बसवून दिलं आणि पहिलं पातं कसं लावायचं तेही दाखवलं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. शिवणयंत्रासारखं दिसणारं मशीन असतं. सुईच्या जागी पाच इंची पातळ करवतीचं पातं, वर-खाली दोन्हीकडे घट्ट धरलेलं. ते मिनिटाला चारशेपासून सोळाशे वेळा वर-खाली होतं. पातं जागचं हलत नाही, आपण लाकूड फिरवायचं. जाळीतल्या प्रत्येक भोकासाठी आधी ड्रिलने बारीक छिद्र पाडायचं, पातं वरून सोडवून त्या छिद्रातून ओवायचं, पुन्हा अडकवायचं, ताण द्यायचा, तेवढा तुकडा कापायचा, पुन्हा सोडवायचं. एका चेहऱ्यात अशी शंभर-दीडशे भोकं असतात. म्हणजे कापण्याइतकाच वेळ ओवण्यात जातो.

चेहरा दिसतो तो असा. जिथे सावली आहे तिथलं लाकूड काढून टाकायचं आणि मागे काळा कागद लावायचा. उजेड म्हणजे लाकूड, अंधार म्हणजे भोक. मधलं काही नाही. पेन्सिलीने आपण दहा छटा देतो, इथे दोनच. आणि दुसरी अट त्याहून कडक: उरलेलं सगळं लाकूड एकमेकांना जोडलेलं हवं. डोळ्यातला पांढरा भाग चारी बाजूंनी सावलीने वेढला की ते बेट झालं. खालची सावली कापली की बेट गळून पडणार. म्हणून प्रत्येक बेटाला कुठूनतरी पूल बांधावा लागतो, आणि तो पूल बघणाऱ्याला पूल वाटता कामा नये. पापणीची कड, गालावरचा उजेड, मिशीतली एखादी रेघ वाटली पाहिजे. माझं खरं काम तिथे असतं. करवत नंतर.

वहिनींनी आणलेल्या फोटोंतला एकही चालण्यासारखा नव्हता. रंगवलेल्या चेहऱ्यावर सावल्या असतात, पण त्या कलाकाराने स्वतः काढलेल्या. दशावतारी कलाकार मांडी घालून छोट्या आरशासमोर बसतो आणि आपला चेहरा आपल्या हाताने रंगवतो. नाक धारदार दिसावं म्हणून बाजूला गडद, गाल वर यावेत म्हणून गुलाबी, डोळे मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही दिसावेत म्हणून काजळाच्या जाड रेघा. हे फार मोठं कसब आहे. मी मुलांना छायाप्रकाश शिकवताना कितीदा त्याचं उदाहरण दिलंय. पण त्या रंगाखाली खरं हाड कुठे वर येतं, खळगा कुठे आहे, ते झाकलं जातं. वर फ्लॅश मारलेला. त्या फोटोंवरून कापलं असतं तर पुन्हा राजाच झाला असता.

ओळखपत्राचा फोटो मी स्कॅन केला, मोठा केला आणि गिंप नावाच्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. त्यात एक पट्टी असते, शून्य ते २५५. ती सरकवत नेली की ठरावीक पातळीच्या खालचं सगळं काळं होतं, वरचं पांढरं. बाजूने उजेड पडलेला फोटो असेल तर पट्टी सरकवताना चेहरा हळूहळू उमटत जातो. आधी नाकपुड्या, मग डोळ्यांचे खळगे, मग गालाखालचा भाग. इथे तसं झालं नाही. ९० वर सगळा चेहरा पांढरा, फक्त भुवया आणि मिशी. ११० वर तेच. १३० वर एकदम सगळं काळं. समोरून उजेड पडला की चेहरा सपाट होतो, सावलीच उरत नाही. माझ्याकडे मेलेल्या माणसांचे फोटो घेऊन येणाऱ्यांतले निम्मे लोक असेच ओळखपत्राचे किंवा पासपोर्टचे फोटो आणतात. घरातल्या माणसाचा खिडकीजवळ बसलेला एक तरी फोटो काढून ठेवा, असं मी भेटेल त्याला सांगते.

चार दिवस मी ते काम तसंच ठेवलं. नाही म्हणायचं जिवावर आलं होतं. मग रविवारी वहिनींचा थोरला मुलगा, गोव्यात म्हापशाला नोकरी करतो तो, "काय झालं का" म्हणून विचारायला आला आणि दारात उभा राहिला. मागून उजेड, एक बाजू अंधारात. मी बघतच राहिले. त्याच्या भुवईचं हाड, नाकाचा मधला उंचवटा, डोळ्याच्या कोपऱ्याचा उतार, सगळं बापाचं. नाकाखालचं तेवढं वेगळं. हनुवटी आईची.

"जरा बस," म्हटलं. "डावी बाजू खिडकीकडे कर."

चार वाजले होते. पाऊस नुकताच थांबला होता, आभाळ भरलेलंच होतं. अशा वेळी खिडकीतून येणारा उजेड मऊ असतो, सावलीची कड कापल्यासारखी येत नाही, पण सावली असते. मी त्याचे तीस-पस्तीस फोटो काढले. मान थोडी खाली, थोडी वर, डोळे खिडकीकडे, डोळे माझ्याकडे. तो काही विचारत नव्हता. शेवटी म्हणाला, "बाई, बाबांसारखा दिसतो का मी?" मी म्हटलं, "सावलीत दिसतोस."

मग आठ दिवस मी फक्त ट्रेसिंग पेपरवर काम केलं. खाली बापाचा फोटो ए-फोर आकारात मोठा केलेला. शेजारी मुलाचा, त्याच मापात. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची लांबी, ओठांची ओळ, कपाळाची उंची हे सगळं बापाकडून. समोरून काढलेला फोटो धुरकट असला तरी मापं बहुतेक खरी असतात. सावल्या मुलाकडून. डोळ्याच्या खळग्यातली सावली, नाकाची उजव्या गालावर पडलेली सावली, गालाच्या हाडाखालचा काळा त्रिकोण. मुलगा अडतीस वर्षांचा, बाप गेले तेव्हा चौसष्टचे. म्हणून डोळ्याखालची पिशवी आणि नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आलेली घळ मी वाढवली. हनुवटीपाशी मुलगा उपयोगाचा नव्हता. तिथे ओळखपत्रावर भिंग धरून, खालच्या ओठाखाली जी एक पुसट करडी रेघ दिसत होती तिच्यावर विसंबले.

म्हाताऱ्या चेहऱ्याचं एक बरं असतं, सुरकुत्या पूल बांधायला मदत करतात. लहान बाळाचा चेहरा मी अजून घेत नाही. गुळगुळीत गालावर रेघ कुठून आणणार? एक रेघ चुकीची पडली की बाळ साठ वर्षांचं दिसतं.

प्लाय मी बर्च नावाच्या झाडाच्या लाकडाचा वापरते, कोल्हापूरहून येतो. आपल्याकडच्या साध्या कमर्शियल प्लायमध्ये मधल्या थरांत पोकळ्या असतात. कपाटाला त्याने काही बिघडत नाही, पण दोन मिलिमीटरच्या पुलाखाली पोकळी आली तर पूल गेला. तीन मिलिमीटरच्या बर्चमध्ये तीन थर, सहाच्यात पाच, आणि आतून भरीव. यावेळी मी तीन मिलिमीटरचे दोन पत्रे एकावर एक ठेवून कडांना मास्किंग टेपने बांधले. एका कापण्यात दोन चेहरे निघतात, एक वहिनींना, एक मुलाला. शिवाय एकटा तीनचा पत्रा पात्याला विरोधच करत नाही, हात पुढे पळतो. सहा झाले की लाकूड हाताला सांगत राहतं.

कोकणातल्या पावसात हे काम करणं म्हणजे लाकडाशी रोज बोलणं. प्लाय रात्रीत वाकतो. मी पत्रे गादीखाली ठेवते. पाती तेलाचा हात फिरवून डब्यात, तरी आठवड्यात तांबूस होतात. कागदी नमुना चिकटवण्याआधी लाकडावर मास्किंग टेप लावते, म्हणजे नंतर कागद सोलून निघतो, गोंद लाकडात मुरत नाही. सगळ्यात वर पार्सलला लावतात ती पारदर्शक चिकटपट्टी. तिने पातं गरम होत नाही आणि कडा जळत नाहीत, हे वापरूनच कळलं.

एकशे त्रेचाळीस छिद्रं. एक मिलिमीटरचा ड्रिल बिट. मग कापायला बसले.

सुरुवात नेहमी डोळ्यांपासून. कारण साधं आहे, सुरुवातीला पत्रा अख्खा असतो, दणकट असतो. बारीक काम तेव्हाच उरकायचं. मोठी भोकं, म्हणजे केस, गळ्याखालची सावली, शर्टाचा काळा भाग, शेवटी. ती आधी काढली तर उरलेला पत्रा सुपलीसारखा थरथरतो आणि पात्याबरोबर वर उचलला जातो.

डोळ्यासाठी दोन-शून्य नंबरचं पातं. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. ताण दिल्यावर मी त्याला नखाने टिचकी मारते. तंबोऱ्याच्या तारेसारखा उंच, स्वच्छ आवाज आला की बरोबर. थप्प आवाज आला तर पातं लाकडात वाकणार आणि वरचा डोळा एक, खालच्या पत्र्यातला दुसरा असं होणार. हे पातं सरळ कापतही नाही. कारखान्यात दाते पाडताना एका बाजूला बारीक कंगोरा राहतो, म्हणून ते उजवीकडे ओढतं. पत्रा किंचित तिरका धरून पुढे सारायचा. नव्याला याचा फार त्रास होतो. हाताला सवय झाली की तो तिरकेपणा आपोआप येतो. चारी बाजूंना दाते असलेली पिळाची पातीही मिळतात, लाकूड फिरवावं लागत नाही, कुठेही वळता येतं. केसांसाठी मी तीच वापरते. पण त्यांची भेग रुंद पडते आणि कड खरबरीत येते, म्हणून चेहऱ्याला नाही.

बुबुळात उजेडाचा एक ठिपका असतो. तो नसेल तर डोळा आंधळा दिसतो. त्या ठिपक्याएवढं लाकूड ठेवायचं, ज्वारीच्या दाण्याहून लहान, आणि ते वरच्या पापणीला केसाएवढ्या पुलाने जोडलेलं. तिथे मी मशीन अगदी मंद करते. श्वास बाहेर सोडत कापते, आत घेताना थांबते. दाते लाकडात जाताना बोटांच्या टोकांना जी कुरकुर कळते ती एकसारखी असली पाहिजे. ती बदलली की पातं बोथट झालंय. मग काटकसर न करता नवं लावायचं. भुसा सतत रेघेवर येतो, त्याला फुंकर मारावी लागते, पण ठिपक्यापाशी फुंकर मारायचीही भीती वाटते. डावा डोळा व्हायला पन्नास मिनिटं लागली. तुकडा खाली पडला, मी पत्रा उजेडाकडे धरला, आणि त्या भोकातून कुणीतरी बघत होतं.

उजव्या मिशीपाशी माझी चूक झाली. दोन भोकांच्या मधली रेघ फार बारीक ठेवली होती. पिळाच्या पात्याने पत्रा क्षणभर उचलला आणि ती तुटली, दोन्ही पत्र्यांत. चिकटवून बघितली, बसली नाही. शेवटी दोन भोकांचं एक केलं, मिशी तिथे जरा दाट झाली. नमुना कागदावर असतो तोवर आपला, लाकडावर गेला की थोडा लाकडाचाही.

मला कुणीकुणी विचारतात, लेझरने पंधरा मिनिटांत होतं तर हे कशाला. लेझरचं काम स्वच्छ असतं, मुलं त्यावर पोट भरतात, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. कड तेवढी जळून काळी येते. पण माझं उत्तर वेगळं आहे. एकोणीस तास मी त्या चेहऱ्यावरून एका एका मिलिमीटरने गेले. गालाच्या हाडाखालची सावली कागदावर मी गोल काढली होती. कापताना मुलाचा फोटो समोर होता, आणि मला दिसलं की तिला टोक आहे. तिथल्या तिथे वळण बदललं. चेहरा बदलला. हे मला माझ्या हातांनीच करायचं असतं.

अकरा पाती तुटली. दोन्ही पत्रे वेगळे केले, मागच्या बाजूचे तंतू बारीक कानशीने काढले, २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, अळशीच्या तेलाचा एक हात दिला. बर्च तेल प्यायला की साजूक तुपासारखा रंग येतो. मागे काळा माउंट बोर्ड ठेवला, अजून चिकटवला नव्हता, आणि वहिनींना निरोप पाठवला.

त्या आल्या. उभ्याच राहिल्या. मी पत्रा खिडकीपाशी टेकवून ठेवला होता. त्या जवळ गेल्या, मागे आल्या, पुन्हा जवळ गेल्या. पदराला हात पुसले आणि बोट नाकावरून खाली नेलं, ओठांवरून, हनुवटीवरून. मग बोट डाव्या भुवईवर थांबलं.

"ही भुवय आमच्या थोरल्याची," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. खिडकी, फोटो, कुठून काय घेतलं. त्या ऐकत होत्या, पण बोट तिथून हललं नाही.

"ह्यांच्या भुवयेत हयसर केस नव्हते. तलवार लागलेली. युद्धात."

युद्ध म्हणजे नाटकातलं. कुठल्याशा जत्रेत, लग्नाच्याही आधी, समोरच्या राक्षसाची पत्र्याची तलवार निसटून भुवईवर बसली होती. त्यानंतर प्रत्येक रात्री रंगवताना ते आधी काजळाने ती खाच भरून घ्यायचे. म्हणून साठ फोटोंत ती कुठेच नव्हती. ओळखपत्रात धुरकटपणात बुजली होती. सकाळी रंग उतरवून घरी आले की ती पुन्हा दिसायची, आणि ती पाहणाऱ्या बहुतेक वहिनीच.

भुवई म्हणजे भोक. कापून काढलेलं लाकूड. भुवईतली खाच म्हणजे उजेड, म्हणजे तिथे लाकूड हवं होतं, आणि ते मी काढून टाकलं होतं.

पण मी चेहरा घरी जाईपर्यंत त्याचे तुकडे टाकत नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवते. वहिनींना बसायला सांगितलं, बरणी वर्तमानपत्रावर ओतली आणि दोघी शोधायला लागलो. भुवईचा तुकडा त्यांनाच सापडला. वाकडा, एका टोकाला निमुळता, करंजीच्या कडेसारखा. दोन पत्रे होते म्हणून दोन सापडले. एक जागेवर ठेवून बघितला. पात्याने खाल्लेल्या भेगेएवढा सैल होता, पण बसत होता. "कुठे?" म्हणून विचारलं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि स्वतः दोन रेघा मारल्या, भुवईच्या बाहेरच्या टोकापासून जरा आत, थोड्या तिरक्या.

तेवढीच चकती मी कापली, दोन मिलिमीटरची. चिमट्याने जागेवर ठेवली, दोन्ही बाजूंना फेव्हिकॉलचा थेंब सुईच्या टोकाने, आणि भेग त्याच लाकडाच्या भुशाने भरली. सुकेपर्यंत हलवायचं नव्हतं. मी आत जाऊन चहा ठेवला. बाहेर आले तर वहिनी पत्र्यावर वाकून, पदर वाऱ्याला आडवा धरून बसल्या होत्या.

"दुसऱ्यातय घालायची?" मी विचारलं.

त्यांनी दुसरा पत्रा हातात घेतला, मुलाचा. बराच वेळ बघितला.

"ऱ्हवांदे," म्हणाल्या. "तो येतलो तेव्हा तेका विचारूया."

दुसरी चकती मी कापून ठेवली आहे, कागदाच्या पुडीत, त्याच बरणीत.